खान्देशातल्या मुलीला फुटबॉलमध्ये पुढे न्यायचंय? जमैकाच्या खदिजा शॉची वाट, पायरी पायरीने

जमैका देशाची लोकसंख्या साधारण २८ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्याची ४२ लाखांवर होती. त्या एवढ्याशा बेटाच्या मुली २०१९ मध्ये फ्रान्सच्या विश्वचषकाला पोचल्या. कॅरिबियन बेटांपैकी महिला विश्वचषकात उतरलेला तो पहिला देश. २०२३ मध्ये त्यांनी फ्रान्सला ०-० आणि ब्राझीललाही ०-० रोखलं, पनामाला १-० हरवलं आणि बाद फेरी गाठली. तिथे कोलंबियाने त्यांना १-० असं थांबवलं.

या संघाची स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढे असणारी खेळाडू, खदिजा शॉ, लाडाचं नाव 'बनी'. जन्म ३१ जानेवारी १९९७, गाव स्पॅनिश टाउन. वडील बूट शिवायचे, आई कोंबड्या पाळायची, आणि १३ भावंडांत ही शेंडेफळ. काही भाऊ तिने टोळीयुद्धातल्या हिंसाचारात गमावले. आज जमैकासाठी सर्वाधिक गोल तिच्या नावावर आहेत, पुरुष खेळाडू धरूनसुद्धा.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ज्या घरात, शाळेत किंवा आश्रमशाळेत एखादी पोर खरंच चेंडूच्या मागे वेडी आहे, तिथल्या पालकांसाठी आणि क्रीडाशिक्षकांसाठी हे लिहिलं आहे. आधी शॉचे टप्पे नीट पाहा. सेंट जागो हायस्कूल. १४ व्या वर्षी देशाच्या वयोगटाच्या संघांत. २०१५ मध्ये वरिष्ठ संघात. मग अमेरिकेतली दोन छोटी, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची महाविद्यालयं: टेक्सासमधलं नवारो आणि फ्लोरिडातलं ईस्टर्न फ्लोरिडा स्टेट. तिथून टेनेसी विद्यापीठ, जिथे २०१८ मध्ये ती आपल्या विभागातली सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरली. २०१९ मध्ये फ्रान्सचा बोर्डो क्लब, २०२०-२१ च्या हंगामात २२ गोल आणि फ्रेंच लीगमध्ये पहिला नंबर. २०२१ मध्ये मँचेस्टर सिटी, २०२३-२४ मध्ये इंग्लंडच्या लीगमध्ये २१ गोल आणि तिथेही पहिला नंबर.

या सगळ्या टप्प्यांत एक धागा आहे. बहुतेक ठिकाणी ती मैदानात होती, सामने खेळत होती. मोठ्या नावाच्या क्लबच्या बाकावर बसून तिने वर्षं घालवली नाहीत. पुढे जे जे सांगितलं आहे ते याच एका कसोटीवर घासून पाहा: या पायरीवर आपल्या मुलीला आठवड्याला किती मिनिटं खरा सामना खेळायला मिळतो?

आठ ते बारा वर्षं: चेंडू, मैदान आणि पोरांची गँग

शॉ भावांबरोबर गल्लीत खेळत शिकली. या वयात मुलीला मुलांबरोबर खेळू द्या. चोपडा असो की शहादा, या वयाच्या फक्त मुलींचा संघ जमवायला गेलात तर सात जणीही जमत नाहीत, आणि मुली जमण्याची वाट पाहण्यात दोन वर्षं जातात. पाच विरुद्ध पाच, २५ बाय १५ मीटरची जागा, दगड ठेवून केलेले दोन छोटे गोल. एवढ्यात प्रत्येकीच्या पायाला चेंडू शेकडो वेळा लागतो. मोठ्या मैदानावर अकरा विरुद्ध अकरा खेळवलं, तर लहान मुलीला अर्ध्या तासात पाच-सहा वेळाच चेंडू मिळतो.

चेंडू घेताना नंबर बघा. १२ वर्षांपर्यंत ४ नंबर, परीघ साधारण ६३.५ ते ६६ सेंटीमीटर. त्यानंतर ५ नंबर: परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. महिलांच्या फुटबॉलसाठी वेगळा लहान चेंडू नसतो, हे लक्षात ठेवा. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर हाताने शिवलेला गुळगुळीत चेंडू लवकर सोलला जातो, त्यामुळे सरावाला जाड रबरी आवरणाचा घ्या आणि चांगला चेंडू सामन्यासाठी ठेवा. हवा भरताना सुई ओली करून घाला. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि मग चेंडू रोज सकाळी मऊ पडतो. नियमाप्रमाणे दाब ०.६ ते १.१ बार चालतो. कडक जमिनीवर खालच्या बाजूला राहा, म्हणजे चेंडू उगाच उसळत नाही. आणि खेळण्याआधी बांधाकडची बाजू झाडून घ्या. आपल्याकडे चेंडू जितके खेळून फाटतात, त्याहून जास्त बाभळीच्या काट्याने पंक्चर होतात.

काळ्या मातीचं मैदान हा खान्देशातला खरा प्रश्न. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय अडकून घोटा मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती बुटाला चिकटून बूट जड होतो. शक्य असेल तर वर मुरमाचा थर देऊन पाणी मारून रोलर फिरवा. ते जमत नसेल तर निदान गोलसमोरची आणि मधली जागा एवढी तरी करून घ्या, कारण जास्त पळापळ तिथेच होते. रेषा आखायला कळीचा चुना कधीही वापरू नका. डोळ्यात गेला तर डोळा कायमचा अधू होऊ शकतो, घसरून पडलेल्या गुडघ्यावर लागला तर कातडी भाजते. खडूची किंवा डोलोमाइटची भुकटी घ्या.

पाठीवर डिफेंडर, पायात चेंडू

शॉची उंची सुमारे १.८० मीटर. तिचा खेळ पाहणारे उंचीकडेच बघतात. पण तिला वेगळं ठरवणारी गोष्ट म्हणजे गोलकडे पाठ असताना, अंगावर डिफेंडर (तिला अडवणारी समोरच्या संघाची खेळाडू) रेलून उभी असताना, चेंडू पायाशी धरून ठेवणं. हे कौशल्य सरावाने येतं आणि त्याला उंची लागत नाही. १२-१३ व्या वर्षापासून हे असं घ्या:

तिघी लागतात. स्ट्रायकर, तिच्या पाठीला चिकटून डिफेंडर, आणि १२ ते १५ मीटरवर पास देणारी. पास जमिनीवरून, कडक. चेंडू निघण्याआधी स्ट्रायकरने खांद्यावरून दोनदा मागे बघायचं: एकदा आपण कुठे आहोत म्हणून, दुसऱ्यांदा डिफेंडर कुठल्या बाजूला आहे म्हणून. मग अंग तिरपं करायचं. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, कमरेत बसल्यासारखं, आणि जवळचा हात किंचित वाकवून डिफेंडरची जागा जाणवेल असा ठेवायचा. चेंडू घ्यायचा तो डिफेंडरपासून लांबच्या पायाने, पायाच्या बाहेरच्या बाजूने किंवा तळव्याने. इथून दोनच पर्याय: एका टचमध्ये पास परत, किंवा डिफेंडर ज्या बाजूला जोर लावते आहे तिच्या उलट बाजूने वळणं.

प्रत्येक बाजूला आठ वेळा, तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. पहिले दोन आठवडे डिफेंडरने नुसतं उभं राहायचं. पुढचे दोन आठवडे अर्ध्या जोराने रेटायचं. दहापैकी सात वेळा चेंडू टिकायला लागला की मगच पूर्ण जोराने. हा क्रम मोडला की मुलगी घाईने चेंडू लांब ढकलायला शिकते आणि ती सवय मोडायला वर्ष जातं.

चुका ठरलेल्या आहेत. मुलगी अंग तिरपं न करता सरळ पाठ करून उभी राहते, मग डिफेंडरचा पाय तिच्या दोन पायांमधून चेंडूपर्यंत पोचतो. गुडघे ताठ ठेवते, मग चेंडू पायाखालून निसटतो. हात वाकलेला ठेवायच्या ऐवजी कोपर ताठ करून ढकलते, मग शिट्टी वाजते. ही शेवटची चूक लगेच तोडा. २०२३ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत शॉला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि पनामाविरुद्धचा सामना तिला बाहेरून बघावा लागला. संघ जिंकला म्हणून निभावलं. एवढ्या अनुभवी खेळाडूचं असं होतं, तर शालेय सामन्यात एका धक्क्याने अख्खी स्पर्धा हातची जाऊ शकते.

पहिला टच घरीच पक्का होतो. प्लॅस्टर केलेली भिंत निवडा (उघड्या विटांची भिंत चेंडूचं आवरण खाते), तिच्यावर खडूने एक मीटरचा चौकोन काढा. तीन मीटरवरून उजव्या पायाने ५०, डाव्याने ५०, मग सहा मीटरवरून तेवढेच. डावा पाय कंटाळा येतो म्हणून सोडला जातो. त्यावर लक्ष घरच्यांनीच ठेवायचं, प्रशिक्षक रोज भिंतीपाशी येणार नाही.

हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, १२ वर्षांच्या आत शिकवू नका. त्यानंतरही ४ नंबरचा, हवा कमी केलेला चेंडू घ्या, एका सरावात दहापेक्षा जास्त नाही. कपाळाने, डोळे उघडे, हनुवटी किंचित आत, मान घट्ट. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, किंवा मुलगी तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर. 'बरं वाटतंय सर' यावर विश्वास ठेवून तिला परत मैदानात सोडायचं नाही.

गुडघा वाचवा

मुलींच्या गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो मुलांच्या तुलनेत निदान दुपटीने फाटतो. बहुतेक वेळा कुणी धडकलेलंही नसतं: उडी मारून उतरताना किंवा पळता पळता वळताना गुडघा आत झुकतो आणि जातो. ऑपरेशन झालं तरी परतायला नऊ महिने ते वर्ष. सोळाव्या वर्षी ही दुखापत झाली की निवडीचं महत्त्वाचं वर्ष हातून जातं.

यावर फिफाचा '११ प्लस' नावाचा वॉर्मअप आहे. फुकट आहे, साधन काही लागत नाही, वेळ २० मिनिटं. आठ मिनिटं हळू पळण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटं जोरात पळणं. आठवड्यातून निदान दोनदा, चुकवायचा नाही. त्यातले दोन व्यायाम जास्त जपून करून घ्या. पहिला प्लँक: कोपरांवर, अंग सरळ रेषेत, २० ते ३० सेकंद, तीनदा. कंबर खाली लोंबली की मोजणं थांबवा, त्याचा उपयोग नाही. दुसरा म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून, मैत्रिणीने मागून घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळाच. पहिल्या आठवड्यात मांडीच्या मागे चांगलीच चमक भरते, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी हा सुरू करू नका.

उडी मारून उतरताना समोर उभं राहून बघा. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत आहेत की आत जाताहेत? मोबाईलवर समोरून व्हिडिओ काढून मुलीलाच दाखवा. सांगून जे महिनाभर कळत नाही, ते बघून एका दिवसात कळतं.

बुटांची गोष्ट यातच येते. टीव्हीवर दिसणारे लांब स्टडचे (तळाला उंच गाठी असलेले) बूट हिरव्या मऊ गवतासाठी असतात. भुसावळच्या कडक मैदानावर ते घातले तर स्टड जमिनीत जात नाहीत, सगळा भार चार-पाच बिंदूंवर येतो, तळव्याला फोड येतात आणि पायाची हाडं दुखायला लागतात. बारीक बारीक रबरी गाठींच्या तळाचे, टर्फ म्हणून मिळणारे बूट घ्या. अंगठ्यापुढे अर्धा सेंटीमीटर जागा हवी. 'वाढत्या पायाला दोन नंबर मोठे' घेतले तर पाय आत घसरतो आणि नखं काळी पडतात. पायाचं दुखणं अंगावर काढू नका. २०२३-२४ च्या हंगामाच्या शेवटी शॉ पायाच्या दुखापतीने बाहेर बसली, आणि तिच्या क्लबचं विजेतेपद केवळ गोलांच्या फरकाने हुकलं.

ऊन, भाकरी आणि पाळी

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ च्या पुढे जातो. सराव पहाटे पावणेसहाला सुरू आणि सव्वासातला बंद. संध्याकाळी सहानंतरही जमीन तापलेली असते, त्यामुळे सकाळच बरी. दर १५ मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. घरचं मीठ-साखर पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या लहान चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलट त्रास होतो. मुलगी अडखळायला, असंबद्ध बोलायला लागली तर तो उष्माघात आहे. सावली, अंगभर पाणी, पंखा, आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी. आधी थंड करणं, मग नेणं.

खाण्यासाठी बाहेरचं काही विकत आणायची गरज नाही. सरावाआधी तासभर एक केळं किंवा गूळ-भाकरी. रावेर-यावलच्या पट्ट्यात तर केळ्याला तोटाच नाही. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर: कळण्याची भाकरी, वरण किंवा मटकी, घरात चालत असेल तर अंडी, नाहीतर दूध, दही, शेंगदाणे. सामन्याच्या दिवशी सकाळी शेवभाजी नको. तिच्यावरची तर्री पोटात तासन् तास राहते आणि पळताना वर येते. तो मान सामना संपल्यावर द्या.

रक्त कमी असलेली मुलगी दुसऱ्या हाफमध्ये थकते आणि सगळे तिला आळशी म्हणतात. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे न्या. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मुली गुपचूप फेकतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घ्यायला सांगा. डाळीवर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही.

पाळीच्या दिवसांत खेळायला हरकत नाही, दुखत असेल तर हलका सराव. संघाच्या बॅगेत पॅड, जास्तीची चड्डी आणि गडद रंगाची पँट नेहमी असू द्या. पांढऱ्या पँटचा गणवेश मुलींच्या संघाला देऊच नका, कित्येक मुली त्याच भीतीने खेळ सोडतात. पण पाळी सलग तीन महिने आली नाही तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बहुतेक वेळा मुलगी जितकं पळते तितकं खात नसते, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात.

शाळेपासून राज्यापर्यंत, आणि त्यातली कागदं

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: तालुका किंवा थेट जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. प्रवेश शाळेमार्फत, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे. हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, म्हणून जूनमध्येच शाळेने नोंदणी केली का ते विचारा. १७ वर्षांखालील मुलींसाठी सुब्रतो करंडकाचीही वेगळी स्पर्धा असते. दुसरी वाट क्लबची: जिल्हा संघटना, तिच्यावर राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि तिथून राज्याचा संघ. वरिष्ठ मुलींची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाई करंडकासाठी खेळली जाते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवा.

चांगल्या मुली निवडीत मागे पडतात त्या खेळामुळे कमी, कागदांमुळे जास्त. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी. 'पावरा' एका कागदावर आणि 'पावारा' दुसऱ्यावर, एवढ्यावर नाव अडतं. सातपुड्यातल्या पाड्यांवर घरी जन्मलेल्या कित्येक मुलींची जन्मनोंदच नसते. जन्माला वर्ष उलटून गेलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात. शिवाय उशिरा केलेल्या नोंदीवर वयोगटात शंका घेतली जाते आणि मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासलं जाऊ शकतं. म्हणून हे काम पाचवी-सहावीतच उरका. वय कमी दाखवून खेळवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसापासून लांब राहा. एकदा पकडलं की मुलीवर बंदी येते, सल्ला देणारा नामानिराळा राहतो.

बाहेरगावी संघ जाताना सोबत महिला व्यवस्थापक हवीच. राहण्याची खोली आधी बघून घ्या, दाराला आतून कडी आहे ना, मुली एकत्र आहेत ना. प्रशिक्षकाने कुठल्याही मुलीला एकटीला खोलीत बोलवायचं नाही, हा नियम निघण्याआधी पालकांसमोर मोठ्याने सांगा.

कुठला संघ घ्यायचा

सोळा-सतराव्या वर्षी पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या अकादमीचं बोलावणं आलं की घरात पेढे वाटले जातात. वाटा, पण त्याआधी तीन प्रश्न विचारा. मागच्या हंगामात त्यांच्या या वयोगटाच्या संघाने किती सामने खेळले? आपली मुलगी मैदानात ज्या जागेवर खेळते, त्या जागेवर आधीच किती मुली आहेत? शाळा-कॉलेजची हजेरी कशी भरणार? पहिल्याचं उत्तर दहापेक्षा कमी आलं, तर तिथे नाव मोठं आहे आणि खेळ कमी. शॉने टेनेसीच्या आधी दोन छोट्या महाविद्यालयांत खेळून घेतलं, थेट मँचेस्टरला न जाता बोर्डोला गेली, आणि तिथे गोलांची रास घातल्यावर मोठा क्लब तिच्याकडे आला.

आपल्याकडे मनीषा कल्याणची वाट अशीच आहे. पंजाबातल्या खेड्यातली मुलगी, भारतीय महिला लीगमध्ये खेळली, मग सायप्रसच्या अपोलॉन क्लबमध्ये गेली आणि २०२२ मध्ये युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. सायप्रस हे फुटबॉलचं मोठं नाव नाही. तिथे तिला मिनिटं मिळाली.

बारावीनंतर जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते, तोही टप्पा सोडू नका. रेल्वे आणि पोलीस दलातल्या खेळाडू भरतीसाठी आणि राज्याच्या नोकऱ्यांतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं लागतात. लॅमिनेशन करू नका, पडताळणीत शिक्का-सही तपासता येत नाही. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो काढून ईमेलवर टाका.

व्हिडिओ, परदेश आणि दलाल

परदेशी महाविद्यालयाचा प्रशिक्षक शिरपूरला सामना बघायला येणार नाही, तो व्हिडिओ बघतो. मोबाईल आडवा धरा, मध्यरेषेवर, शक्य तितक्या उंचावरून: गच्ची, पाण्याची टाकी, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून. जमिनीवरून काढलेल्या व्हिडिओत खेळाडूंच्या जागा कळत नाहीत. तीन-चार मिनिटांचे तुकडे करा, सगळ्यात चांगले पहिल्या अर्ध्या मिनिटात, प्रत्येक तुकड्याआधी मुलीभोवती वर्तुळ किंवा तिच्यावर बाण. सुरुवातीला जन्मतारीख, उंची, जागा, दहावी-बारावीचे गुण. गाणं लावू नका. आणि सोबत दोन पूर्ण सामने, काहीही न कापता. गोल सगळेच पाठवतात. चेंडू गेल्यावर मुलगी मागे पळते का, ते पूर्ण सामन्यातच दिसतं.

अमेरिकेला जायचं तर खेळाइतकेच गुण आणि इंग्रजी लागतं. दोन वर्षांच्या महाविद्यालयांच्या अटी तुलनेने सोप्या आणि शुल्क कमी असतं. शॉ गेली त्याच वाटेने तिथून मोठ्या विद्यापीठात बदली घेता येते. शिष्यवृत्ती बहुधा अर्धीमुर्धी असते. पत्रात राहणं, जेवण आणि विमा धरले आहेत का ते ओळ न् ओळ वाचा. बारावीनंतर मोठा खंड पडू देऊ नका, त्याने तिथे खेळायला मिळणारे हंगाम कमी होतात. परदेशी क्लबशी करार मात्र १८ च्या आत नाही. फिफाचा नियम काही अपवाद सोडता अल्पवयीन खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली होऊ देत नाही. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीला 'युरोपात करार मिळवून देतो' म्हणून कुणी दोन लाख मागितले, तर ते खोटंच आहे. खऱ्या एजंटला फिफाचा परवाना असतो, त्यांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर बघता येते, आणि त्याची दलाली खेळाडूच्या कमाईतून निघते, आईच्या मंगळसूत्रातून नाही. पासपोर्ट मात्र आधीच काढून ठेवा. बोलावणं आल्यावर धावाधाव केली तर व्हिसाची तारीख निघून जाते.

पैसा

जमैकाच्या मुलींचा संघ पैशाअभावी एकापेक्षा जास्त वेळा बंद पडला. २०१४ पासून जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांची कन्या सेडेला मार्ले त्यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि निधी गोळा झाला, तेव्हा कुठे संघ पुन्हा उभा राहिला. २०२३ च्या विश्वचषकाआधीसुद्धा खेळाडूंनी मिळून जाहीर पत्र काढलं: सरावाची सोय, प्रवास, जेवण, ठरलेले पैसे, सगळं त्यात लिहिलेलं. सही एकीची नव्हती, संघाची होती. एका खेळाडूच्या आईने इंटरनेटवर वर्गणी गोळा केली.

आपल्या तालुक्यातही हेच जमतं, फक्त पद्धत पाळा. संघाचं वेगळं बँक खातं, दोन सह्यांचं, त्यातली एक सही पालकातल्या बाईची. मागताना 'मुलींना मदत करा' असं मोघम मागू नका. २० जणींचे टर्फ बूट, सहा चेंडू, नाशिकचा जाण्या-येण्याचा प्रवास, असा आकडा लिहून न्या. जिनिंगवाले, केळीचे व्यापारी, पतपेढ्या, गावातून बाहेर नोकरीला गेलेली मंडळी, यांच्याकडे दिवाळीच्या आधी जा. कापसाचा पैसा तेव्हा फिरायला लागतो आणि विभागीय स्पर्धाही त्याच सुमाराला असतात. खर्च झाला की आठ दिवसांत पावत्यांचे फोटो देणाऱ्यांच्या ग्रुपवर टाका. दुसऱ्या वर्षी वर्गणी मिळते ती या पावत्यांवर. वेचणीच्या दिवसांत मुली शेतात जातात, तेव्हा सराव संध्याकाळचा ठेवा आणि हजेरीवरून कुणालाही संघातून काढू नका. ज्या घरात मजुरीची गरज आहे, त्या घराशी भांडून मुलगी मैदानावर येत नाही. तिच्या बापाला एकदा सामना बघायला बोलवा, आणि बसायला पुढची खुर्ची द्या.